सरळ लावलेला खिसा

माझ्या आईचा खाकी गणवेश मी बोहारणीला दिला. आई जाऊन तीन महिने झाले होते. कपाट रिकामं करायचं होतं. दारात बसलेली बोहारीण साड्यांच्या घड्या खालीवर करत म्हणाली, "ताई, अजून एखादं जाड कापड टाका, मंग हे मोठं घमेलं देते." मी आत गेले, कपाटाच्या तळाशी पडलेली खाकी साडी आणि तसल्याच कापडाचा कॉलरचा ब्लाऊज उचलला आणि तिच्या ढिगावर टाकला. तिनं गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि गेली. मी घमेलं घासून पालथं घातलं.

तो गणवेश कसला होता हे मला माहीत नव्हतं असं नाही. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी जालन्यात बायकांचं एक स्वयंसेवक पथक उभं राहिलं होतं आणि आई त्यात होती. मी सात वर्षांची होते. आई दुपारी चारला खाकी साडी नेसून, कमरेला पट्टा बांधून शाळेच्या मैदानावर हजेरीला जायची आणि मला शेजारच्या काकूंकडे बसवून जायची. मला त्याचा राग यायचा. पुढं आई कधी त्याबद्दल बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

पाच-सहा वर्षांनी एका लग्नात एक म्हाताऱ्या बाई माझ्या शेजारी जेवायला बसल्या. बोलताबोलता त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "तुझी आई आमच्या पथकात. तिच्यासारखी शिट्टी कुणाला वाजवता यायची न्हाई. तिचा ड्रेस ठेवलाय ना गं?"

मी हो म्हटलं. 

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी जुन्या जालन्यात गेले. तिथं जुने कपडे विकणाऱ्या दोन-तीन बायका रस्त्याकडेला बसतात. इतक्या वर्षांनी तो गणवेश सापडणार नाही हे मला कळत होतं, तरी मी ढीग उपसत बसले. तो नाहीच सापडला. पण तिथल्याच एका ड्रेपरीच्या दुकानात, जिथं शाळेच्या गॅदरिंगसाठी राजाराणीचे कपडे भाड्यानं मिळतात, एक खाकी ब्लाऊज खुंटीला टांगलेला दिसला. दुकानदार म्हणाला, "पोलिसाच्या पार्टसाठी देतो आम्ही. बायकांचा हाय, पण मुलींना बराबर बसतो." मी तो हातात घेतला. खांद्यावर पट्ट्यांची घरं होती, छातीला दोन खिसे होते आणि बाहीवर फीत उसवून काढल्याची खूण होती. मी तो विकत घेतला आणि घरी आणला. आईचा नव्हता. आई अंगानं भरलेली होती आणि हा कुणा बारीक मुलीचा होता.

असं ते सुरू झालं. मी मुलींच्या शाळेत शिवणाची शिक्षिका होते, त्यामुळे जालन्यातले जुने शिंपी माझ्या ओळखीचे होते. ते सांगायचे, अमक्या गल्लीतल्या आजीकडं बघा, तमक्या कापडदुकानदाराच्या आईकडं बघा. नऊ वर्षांत माझ्याकडं अकरा गणवेश जमले. काही पुरे होते, काहींची नुसती साडी, एकीची फक्त टोपी आणि शिट्टीची पांढरी दोरी. बहुतेक घरांत ती बाई आता नव्हती. सुना, मुली, पुतण्या आनंदानं काढून द्यायच्या. मी ते धुवायची, कसर लागलेल्या जागी अस्तर लावायची, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. नवीन जालन्यातल्या आमच्या घरात मागच्या खोलीचं एक कपाट त्यांनी भरलं. माझे यजमान बँकेतून निवृत्त झालेले, शांत माणूस. ते एकदाच म्हणाले, "तू जमवतेस ते ठीक आहे. पण या बायकांचं कुणी लिहून ठेवतंय का?" मी म्हटलं, कपडे आहेत ना. 

घनसावंगीच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगानं असलेल्या एका गावातल्या आजींबद्दल मला एका शिंप्यानंच सांगितलं. त्या लग्नाआधी जालन्याला मामांकडं राहायच्या आणि पथकात होत्या. आम्ही दोघं बसनं घनसावंगीला उतरलो आणि तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गावात पोचलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूला ऊस होता. आजी ओट्यावर तूर निवडत होत्या. त्या सत्तरी ओलांडलेल्या, किडकिडीत, ताठ बसणाऱ्या होत्या. मी कशासाठी आले ते सांगितलं तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि मला आतल्या खोलीत नेलं.

पेटीच्या तळातून त्यांनी गणवेश काढला. जुन्या धोतरात गुंडाळलेला होता. मी इतके गणवेश पाहिले, पण असा जपलेला एकही नव्हता. साडीच्या घडीवर पिवळा डागसुद्धा नव्हता. ब्लाऊज मात्र हातानं शिवलेला दिसत होता. टाके लांब, कॉलर एका बाजूला ओढलेली, आणि उजवा खिसा डाव्यापेक्षा चांगलं अर्धं बोट खाली व तिरका.

"हा कुणी शिवला?" मी विचारलं.

"मीच." त्या हसल्या. "मामा म्हनले, शिंप्याकडं माप द्यायला जायचं न्हाई. मंग रात्रीतून काय जमल ते केलं. खिसा वाकडा झाला. पथकाच्या बाई म्हनल्या हजेरीला, पोरी तुझा खिसा कुठं चालला? सगळ्या हसल्या. मला वाटलं उसवून नीट लावावा, पर दुसऱ्याच दिवशी स्टेशनावर ड्युटी लागली. ऱ्हायला तसाच."

स्टेशनवरची गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी सांगितली. त्यांना मधूनमधून शब्द सापडत नव्हते. नातवंडांची नावंही त्या घोटाळ्यानं घेत होत्या. पण हे सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं.

तेव्हा रेल्वेची छोटी लाईन होती. फौजेची गाडी आली की पथकातल्या मुली चहाच्या किटल्या आणि पुरीभाजीची पुडकी घेऊन फलाटावर जायच्या. अंगात गणवेश असेल तरच आत सोडत. एका सकाळी एका जवानाला गाडीतून खाली उतरवलं. त्याला ताप होता, इतका की उभं राहवत नव्हतं. डॉक्टर बघून गेले, औषध देऊन गेले, दुसऱ्या गाडीनं पुढं पाठवायचं ठरलं. तोवर त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं होतं. आजींना बसवलं. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, आणि तो जवानही तेवढाच असेल.

"मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते आन् तो बोलत होता," आजी म्हणाल्या. "तिकडं खालचा, मद्रासकडचा असंल. त्याची भाषा मला येत न्हाई, माझी त्याला येत न्हाई. पर तो बोलूनच राह्यला. दिवसभर. कधी रडायचा, कधी हसायचा, माझ्या तोंडाकडं बघायचा. मी आपली हो म्हनायची. संध्याकाळी गाडी आली, त्याला घेऊन गेले. जाताना त्यानं माझ्या या खिशाला हात लावला. वाकडा हाय म्हनला असंल." त्यांनी खिशावरून अंगठा फिरवला. "पन्नास वर्सं झाली. मला अजून वाटतं, काय सांगत व्हता तो? मी हो हो म्हनून बसले. काय इचारलं असंल त्यानं, अन् मी कशाला हो म्हनले?"

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. सासूनं गणवेश पाहून हे पोलिसाचं कापड घरात नको म्हटलं. आजींनी तो पेटीत ठेवला आणि दर वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत मागच्या अंगणात तासभर वाळत घातला. एवढंच. आपल्या माणसांना हे सांगितलं का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "कुनी इचारलं तर सांगावं ना."

मी गणवेशाबद्दल विचारल्यावर त्यांनी तो पुन्हा धोतरात गुंडाळला. "माझ्या माघारी न्या. जितेपनी नको."

मी म्हटलं, "बरं आजी. तुमच्या माघारीच नेईन."

त्यानंतर मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला ओळखलं, पण तिसऱ्या वेळी नाही. विसरण्याचा आजार पुढं सरकत होता. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याच्या आत कुठंतरी तो गणवेशही असायचा.

गेल्या वर्षी त्यांच्या सुनेचा फोन आला. सून चाळिशी उलटलेली, शेतातलं आणि घरातलं दोन्ही ओढणारी, स्पष्ट बोलणारी बाई. म्हणाली, "मॅडम, आमी मागच्या खोल्या पाडून राह्यलो, स्लॅब टाकायचाय. पेट्या रिकाम्या करायल्यात. आत्याबाईला आता कायबी कळत न्हाई. तुमाला ते खाकी पायजे व्हतं ना? घेऊन जा, न्हाईतर उंदरं खातील."

त्याच आठवड्यात माझ्या जुन्या शाळेतून निरोप आला होता. शाळेच्या वर्धापनदिनाला माझ्याकडचे गणवेश मांडायचे ठरत होते. पाहुणे येणार होते, पेपरात बातमी येणार होती. अकरा गणवेशांत एकही पूर्ण चांगला नव्हता. मी एकटीच घनसावंगीची बस पकडली.

सुनेनं पिशवी तयार ठेवली होती. अंगणात विटा रचलेल्या होत्या आणि त्यांच्याजवळ बाजेवर आजी बसल्या होत्या. केस कापलेले, अंग निम्मं झालेलं. मी पिशवी घेऊन समोरून निघाले तेव्हा त्यांनी मान वर केली.

"काय नेऊन राह्यल्या, बाई?"

मी थांबले. पिशवीच्या तोंडातून खाकी कापड दिसत होतं. मी ती दुसऱ्या हातात घेतली, त्यांच्यापासून लांबच्या.

"काही नाही आजी. जुने कपडे आहेत."

"न्या, न्या," त्या म्हणाल्या आणि पुन्हा विटांकडं बघू लागल्या.

घरी आल्यावर यजमानांनी गणवेश पाहिला. "त्या गेल्या?"

"नाही. सुनेनं दिला."

"त्यांना विचारलंस का?"

"त्यांना काय कळतंय आता," मी म्हटलं. बोलून झाल्यावर मला माझा आवाज आवडला नाही, पण मी इस्त्री गरम करायला लावली.

ब्लाऊज उलटा केला तेव्हा दिसलं की उजव्या खिशाचा दोरा कुजून गेला आहे. तीन बाजूंपैकी दोन सुटत आल्या होत्या. शाळेत मांडायचा म्हणजे पुन्हा शिवायला हवा. मी खिसा पूर्ण उसवला, पट्टी घेऊन डाव्या खिशाचं माप घेतलं, खडूची खूण केली आणि तो बरोबर समोरासमोर, सरळ लावला. तीस-बत्तीस वर्षं मी मुलींच्या हातून हेच करून घेतलं होतं. वाकडा खिसा दिसला की माझे हात आपोआप चालायचे. शिवून झाल्यावर मला समाधान वाटलं, हेही मी लपवत नाही.

पाचव्या दिवशी सुनेचा फोन आला. तिचा आवाज दमलेला होता.

"मॅडम, ते खाकी परत देता का? आत्याबाई सकाळपासून शोधून राह्यल्यात. सगळे कपडे बाहेर काढले, शेजारच्यांच्या घरात जाऊन बघितलं. माझा ड्रेस कुठंय, माझा ड्रेस कुठंय. वर म्हनतात त्याला ताप हाय, पट्ट्या बदलायच्या हायत, ड्रेसबिगर आत सोडनार न्हाईत. घरात कुनालाच ताप न्हाई हो. कुनाचं बोलतात तेच कळंना."

मला कळत होतं. त्या घरात कुणालाही माहीत नसलेली ती गोष्ट मला माहीत होती. मी तेव्हाच उठून बस पकडायला हवी होती. सकाळचे दहा वाजले होते, दुपारपर्यंत मी तिथं पोचले असते.

मी म्हटलं, "शाळेत मांडायला दिलाय हो. अजून चार दिवसांनी कार्यक्रम आहे. झाला की दुसऱ्याच दिवशी मी स्वतः घेऊन येते."

 "चार दिवस व्हय," ती म्हणाली. "बरं. या मंग."

यजमान शेजारीच बसले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. "आत्ता दे नेऊन. मी येतो सोबत."

"शाळेत कपड्यांच्या पुतळ्याला घालून झालाय. मधलाच काढला तर कसं दिसेल?"

त्यांनी पेपर उचलला. आमच्या संसारात त्यांनी मला आग्रह केला असं क्वचितच झालं, आणि त्या दिवशीही केला नाही याचं त्यांना आजही दुःख आहे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आजी घरातून निघून गेल्या. सून कापसाला गेली होती, मुलगा बाजारात. कुणीतरी सांगितलं की त्या दुपारी फाट्याकडं चालत जाताना दिसल्या. मुलाचा मातकट रंगाचा शर्ट त्यांनी साडीवर घातला होता आणि कमरेला नाडा बांधला होता. सापडल्या तेव्हा दिवस कलला होता. उसाच्या कडेच्या पाण्याच्या चारीत पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि उन्हानं शुद्ध हरपली होती. जीपनं त्यांना जालन्याला दवाखान्यात आणलं.

मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. शाळेत मंडप घातला होता, मुली रांगोळी काढत होत्या. मी हॉलमध्ये गेले, पुतळ्याच्या अंगावरून गणवेश उतरवला आणि पिशवीत घातला. मुख्याध्यापिका मागून विचारत आल्या, काय झालं. मी त्यांना म्हटलं, "ज्यांचा आहे त्या मागतायत."

दवाखान्यात सून कॉटच्या पायाशी बसली होती. तिनं मला पाहिलं आणि सरकून जागा केली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जाग्या हायत. दाखवा."

मी ब्लाऊज काढून आजींच्या छातीवर ठेवला. त्यांचे हात पातळ झाले होते, सलाईनची सुई एका हाताला होती. दुसऱ्या हातानं त्यांनी कापड चाचपलं. कॉलर, बटणं, खांद्याची पट्टी. मग बोटं उजव्या खिशावर गेली. तिथून डाव्यावर. पुन्हा उजव्यावर. त्या खूप वेळ तसं करत राहिल्या. मग त्यांनी ब्लाऊज हळूच माझ्याकडं सरकवला.

"माझा न्हाई हा. दुसरीचा हाय."

"आजी, तुमचाच आहे. बघा ना."

"न्हाई वो. माझा खिसा वाकडा हाय." आणि मग अगदी अदबीनं, परक्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या, "तुमाला कुठं दिसला तर सांगा, बाई. तो वाट बघत असंल."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मला रडू आलं नाही. एकच गोष्ट सुचत होती. रिक्षा करून घरी आले, दिव्याखाली बसले आणि खिसा उसवला. आत, जुन्या कापडावर, पन्नास वर्षांपूर्वीच्या टाक्यांची भोकं तशीच होती. इस्त्रीनंही ती बुजली नव्हती. एकोणीस वर्षांच्या मुलीनं जिथं सुई घातली होती त्या प्रत्येक भोकातून मी सुई घातली. लांब टाके, तिरकी रेघ, अर्धं बोट खाली. वाकडं शिवणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. यजमान शेजारी बसून दोरा ओवून देत होते. माझ्या डोळ्यांना दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही दोघं दवाखान्यात पोचलो. कॉटवरची चादर बदललेली होती. सून जिन्याजवळ उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"पहाटे गेल्या," ती म्हणाली. "रात्रभर कायतरी बोलत व्हत्या. मला कायबी कळलं न्हाई. मी आपली हो आत्याबाई, हो आत्याबाई म्हनून राह्यले."

मी तिचा हात धरला. यजमान खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

अंत्यविधीला आम्ही गावी गेलो. मी आजींच्या मुलाला विचारलं, हा गणवेश त्यांच्यासोबत ठेवू का. तो भला माणूस होता, पण त्याच्या भोवती सगळी भावकी उभी होती. तो म्हणाला, "न्हाई मॅडम. लोकं काय म्हनतील, पोलिसाचे कपडे घालून नेलं. राहू द्या तुमच्याकडं." मी राहू दिला. त्या दिवशी कुणाच्या शब्दापुढं शब्द टाकायचा मला हक्क उरला नव्हता.

तेराव्यानंतर दीडेक महिन्यानं सून आमच्या घरी आली. बियाणाच्या दुकानात काम होतं म्हणाली, पण पिशवीत बियाणं दिसत नव्हतं. मी चहा केला. तिनं तो बशीत ओतून प्यायला, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमाला म्हाईत व्हतं ना, ताप कुनाला व्हता?"

मी तिला सगळं सांगितलं. मामांचं घर, रात्रीतून शिवलेला ब्लाऊज, हजेरीला हसलेल्या मुली, छोट्या लाईनची गाडी, फलाटावरचा जवान, त्याची न कळलेली भाषा. आजींनी ज्या क्रमानं सांगितलं होतं त्याच क्रमानं. मग माझंही सांगितलं. अंगणात त्यांनी विचारलं आणि मी खोटं बोलले ते. खिसा का सरळ केला ते. फोन आला तेव्हा गणवेश शाळेत होता हे खरं, पण मागितला असता तर पाच मिनिटांत मिळाला असता, तेही. 

"बावीस वर्सं मी त्या घरात हाय," शेवटी ती म्हणाली. "एका चुलीवर स्वयंपाक केला आमी. एकदाबी बोलल्या न्हाईत." मग कपबशी बाजूला सारत, "मीबी कुठं इचारलं. दिवाळीला ते वाळत घातलं की मी म्हनायची, आत्याबाई, जल्दी काढा, मला साड्या टाकायच्या हायत."

मी कपाटातून गणवेश आणला आणि तिच्यापुढं ठेवला. "हा तुमचा आहे. घेऊन जा."

तिनं वाकड्या खिशावरून बोट फिरवलं. घडी उलगडली नाही. "मला घरात बघवनार न्हाई," ती म्हणाली. "तुमी नेला म्हनून मी रागावले न्हाई, मॅडम. दिला तर मीच. पेटी रिकामी करायची घाई मलाच व्हती." तिनं तो परत माझ्या मांडीवर ठेवला.

मी तिला म्हटलं नाही की तुमची चूक नव्हती. तिनंही मला म्हटलं नाही. दोघींनाही तसलं काही ऐकायचं नव्हतं.

त्यानंतर मी एकही गणवेश आणलेला नाही. एकदोघांचे फोन आले. मी विचारलं, ज्यांचा आहे त्या आहेत का? परतूरकडच्या एक बाई आहेत, असं कळलं. मी वही घेऊन गेले. दोन तास त्यांचं ऐकलं, लिहून घेतलं, आणि गणवेश बघायला मागितला नाही. त्यांनी आपण होऊन दाखवला तेव्हा हात मागं ठेवून बघितला. यानं माझं काही भरून निघालं असं मला वाटत नाही. वही यजमानांनी आणून दिली होती.

सून घरी आली होती त्या दिवशी मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. घनसावंगीची बस लागलेली होती. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभी होते. गाडी सुरू झाली तेव्हा तिनं काच सरकवली आणि वाकून विचारलं, "त्या कपड्यांत कशा दिसायच्या वो आत्याबाई? तवा?"

मला माहीत नव्हतं. आजींनी फोटो असल्याचं कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. मी त्यांना सत्तरीनंतरच पाहिलं होतं, ओट्यावर तूर निवडताना.

"चांगल्या दिसत असतील," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. बस वळून रस्त्याला लागेपर्यंत ती माझ्याकडं बघत होती.